अथातो थैलीजिज्ञासा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन ही चार अंगे सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. तेव्हा ती आधी उरकून घेऊ. विषय: प्रवासात न्यायची सुटसुटीत संगणक-थैली. अधिकारी, म्हणजे हे वाचायला पात्र कोण? तर ज्याच्या घरातल्या एका खणात वायरींचा गुंता आहे आणि त्यातल्या निम्म्या वायरी कशाच्या हे ज्याला ठाऊक नाही, पण ज्याच्याने त्या टाकवतही नाहीत, असा कोणीही गृहस्थ. संबंध उघडच आहे. तो थैलीचा आणि खांद्याचा. प्रयोजन इतकेच, की अमरावतीहून अकोल्याला जावे आणि संध्याकाळी मान न अवघडता परत यावे.

या विषयावर जगात लेखन कमी झालेले नाही, पण ते बहुतेक समुद्र ओलांडणाऱ्यांचे. परमुलखातली भोके कोणत्या आकाराची, विमानात काय चालते आणि काय काढून घेतात, यातच त्यांचा ग्रंथ संपतो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या मार्गाकडे कोणी गंभीरपणे पाहिलेले नाही. वास्तविक प्रयोगाला याहून चांगले अंतर मिळायचे नाही. सुमारे १०० किलोमीटर. सामान न्यावेसे वाटेल इतके लांब, आणि नेलेल्यातले निम्मे न उघडता परत आणता येईल इतके जवळ.

मुख्य सिद्धान्त इथेच सांगतो, म्हणजे घाईतल्या वाचकाला उठता येईल. थैलीचे वजन प्रवासाच्या लांबीवर ठरत नाही. कामावर तर मुळीच नाही. निघण्याआधी हाताशी किती वेळ मोकळा आहे, त्यावर ते ठरते. "अर्ध्या तासात निघ" असा फोन आलेला माणूस लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि मोबाइल एवढेच उचलतो, आणि त्याचे काही अडत नाही. त्याच माणसाला आदली संध्याकाळ पूर्ण मोकळी द्या. जेवणवेळेपर्यंत त्याच्या थैलीत जादा माउस, त्या माउसचे जादा सेल, नेटवर्कची निळी केबल, कार्ड रीडर, हेडफोन, तो बिघडला तर असावा म्हणून दुसरा हेडफोन आणि केव्हाच मोडीत गेलेल्या कुठल्याशा मोबाइलची पिन जाऊन बसलेली असते. हे सगळे भीतीचे सामान आहे, आणि भीतीला मोकळी संध्याकाळ मिळाली की ती किलोने भरते.

आता लक्षण. सुटसुटीत म्हणावे कशाला? 'मांडीवर मावते ते' ही व्याख्या लॅपटॉप करणाऱ्यांनीच रूढ केली. नैयायिकांपुढे ती टिकणार नाही, कारण तिच्यात अतिव्याप्तीचा दोष आहे. एसटीत शेजारच्या बाईंचे मूलही आपल्या मांडीवर मावते, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत तिथेच असते. 'एका हाताने उचलता येते ते' ही दुसरी व्याख्या. अ‍ॅडम ऑसबर्न या गृहस्थाने १९८१ साली बाजारात आणलेला ऑसबर्न-१ हा संगणक एका हाताने उचलता येई. वजन सुमारे ११ किलो. पडदा ५ इंची. आत बॅटरी नाही, म्हणजे उचलून कुठेही न्या, पोहोचल्यावर आधी भिंतीतले भोक शोधा. विमानातल्या आसनाखाली मावावा असा त्याचा आकार बेतलेला होता. (या ऑसबर्नचे बालपण तामिळनाडूत गेले आणि २००३ साली तो कोडाईकनाललाच वारला. आपल्याकडच्या बसच्या सीटखाली काय काय असते हे त्याने पाहिले असणार. विमानाचे माप घेण्यामागे तेच कारण असावे असा माझा तर्क आहे.) 'खिशात मावते ते' या तिसऱ्या व्याख्येत लॅपटॉपच बसत नाही, म्हणून ती अव्याप्तीने बाद. उरते ते लक्षण असे: जी मांडीवर घेतल्यावर शेजाऱ्याला "जरा सरका" म्हणावे लागत नाही, ती थैली सुटसुटीत.

या शास्त्रात वऱ्हाडाचा अधिकार जुना आहे. कमीत कमी ओझ्यात जास्तीत जास्त माहिती कशी वाहायची, हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरने तेराव्या शतकातच हाताळला. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले त्याला गाठून, खातरजमा करून गोळा केल्या. तेच लीळाचरित्र. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत पोथी गेली. प्रत एक, आणि तीही पळापळीत; व्हायचे तेच झाले. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो महानुभाव पंथातल्या पाठ असलेल्या मंडळींच्या स्मरणातून, आणि त्यांत हिराइसेचे नाव आवर्जून घेतले जाते. बॅकअप कुठे ठेवावा याचे इतके हलके उत्तर नंतर कोणालाही सापडलेले नाही. चार्जिंग लागत नाही, वायर लागत नाही, आणि गाडीत विसरत नाही. महानुभावांनी पुढे पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या माणसाला त्या वाचता आल्या नाहीत. आजचा प्रवासी आठ अक्षरांचा पासवर्ड ठेवतो आणि विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपलाच चिकटवतो.

दुसरे आचार्य गाडगेबाबा. जन्म १८७६ सालचा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. अंगावर चिंध्यांचा सदरा, हातात खराटा आणि एक गाडगे, एवढ्या सामग्रीवर त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. त्या गाडग्यात जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे आणि वाटेला लागले की तेच डोक्यावर ठेवायचे. एका वस्तूकडून तीन कामे. आजचे कारखानदार याला मल्टिपर्पज म्हणतात आणि किंमत वाढवतात. तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला जाऊन आले तेही खंजिरीनिशी. तिला ना अ‍ॅडॉप्टर लागला ना कन्व्हर्टर. आचार्यांनी एवढे सांगून ठेवल्यावर आपण मात्र थैलीत थैली आणि तिच्यात छोटी थैली घालत बसलो आहोत. त्या छोट्या थैलीला सध्या ऑर्गनायझर म्हणतात. पान, सुपारी, कात, चुना आणि अडकित्ता यांना वेगवेगळे कप्पे असलेली आणि वर दोरी गुंडाळायची चंची ज्यांनी आजोबांच्या कमरेला पाहिली आहे, त्यांना यात नवीन काही दिसणार नाही. दोरीच्या जागी चेन आली, आणि चुन्याच्या डबीच्या जागी इअरफोनची डबी.

सरकारनेही या क्षेत्रात मोठे काम केले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी आधारचा आरंभ झाला. त्यानंतर लॅपटॉप, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बुबुळे टिपणारे यंत्र, कॅमेरा आणि प्रिंटर असा संसार गावोगावच्या शाळेच्या व्हरांड्यात मांडला जाऊ लागला. थैलीशास्त्राच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची, कारण देशातल्या कोट्यवधी माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा संगणक पाहिला तो पेटीतून निघालेला. मेळघाटातले हरिसाल २०१६ साली देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरींवरून तिथे इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग झाला. का, तर पेटी कितीही चांगली भरली तरी नेटवर्क तिच्यात भरता येत नाही.

इतिहास पुरे, प्रत्यक्षाकडे वळू. सूक्ष्मवाद्यांचे आराध्यदैवत म्हणजे रास्पबेरी पाय. २०१२ साली ब्रिटनमध्ये निघालेला, साधारण ८५ बाय ५६ मिलिमीटरचा, एटीएम कार्डाएवढा पूर्ण संगणक. तो शर्टाच्या खिशात घालून अकोल्याला जाता येते यात वाद नाही. पोहोचल्यावर मात्र त्याला पडदा लागतो, कीबोर्ड लागतो, माउस लागतो, मेमरी कार्ड लागते, त्याचा तो चार्जर लागतो, आणि पडद्याला जोडायची केबल लागते, जिचे एक टोक नेहमीचे तर दुसरे टोक भलतेच बारीक असते. लॅपटॉपवाला तेवढ्यात काम आटोपून, कच्चा चिवडा खाऊन, चहाला निघालेला असतो.

मूर्तिजापूरवरून जाणाऱ्याने तर सूक्ष्मवाद जपूनच बोलावा. तिथून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर धावे. शेजारच्या मुंबई-हावडा मार्गाचे रूळ १,६७६ मिलिमीटरचे. शकुंतला आटोपशीर होती, स्वस्त होती, कापूस वाहायला पुरेशी होती. पण रूळ बदलले की डबा पुढे जात नाही. माल एका गाडीतून उतरवायचा आणि दुसरीत चढवायचा. लहान यंत्र घेताना वाचवलेले पैसे असे जोडाच्या ठिकाणी मोजावे लागतात, मग तो जोड मूर्तिजापूर जंक्शनचा असो की दुकानातून घाईने आणलेल्या चिनी अ‍ॅडॉप्टरचा.

जोड आला की वायर आली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल आणि तत्सम वस्तूंना टाइप-सी भोक सक्तीचे केले, तेव्हा वायरींचा वाद मिटला असे पुष्कळांना वाटले. मिटला नाही, फक्त दिसेनासा झाला. पूर्वी दोन वायरी निदान वेगळ्या दिसत. आता सगळ्या सारख्या दिसतात, पण एकीला ६० वॅटच झेपतात, दुसरीला २४०, आणि तिसरी नुसती वीज वाहते, फाइल म्हणून एकही पुढे सरकू देत नाही. वेदान्ती दोरीवर साप भासल्याचे उदाहरण देतात. इथे दोरीवर दोरीच भासते आणि तरीही हाती लागते ती भलतीच दोरी. ज्ञानाशिवाय हा भ्रम जात नाही असे वेदान्त सांगतो. माझ्या मते चांगल्या वायरीला लाल लोकरीचा धागा बांधला तरी जातो.

भोकांचा इतिहास वायरींपेक्षा करुण आहे. आपल्या भिंतीतली तीन गोल छिद्रे ही इंग्रजांच्या जुन्या पद्धतीची. त्यांनी स्वतःसाठी चौकोनी पिनांची नवी पद्धत ठरवली ती १९४७ साली, आणि त्याच वर्षी गोल भोके आपल्या भिंतीत ठेवून ते निघून गेले. त्यांत लहान ६ अँपिअरचे, मोठे १६चे. लॉजच्या खोलीत मोठे भोक कूलरने धरलेले असते आणि लहान भोक पलंगाच्या मागे, जिथे हात पोहोचतो पण चार्जरचे डोके पोहोचत नाही. म्हणून चार भोकांचा एक्स्टेंशन बोर्ड. त्याच्या वजनावर सूक्ष्मवादी नाके मुरडतात, पण त्यांनी त्याचे सामाजिक मोल ध्यानात घेतलेले नाही. स्टेशनवर गाडी उशिरा असताना जो माणूस थैलीतून बोर्ड काढतो, त्याच्याभोवती बघता बघता माणसे जमतात. "भाऊ, एक पिन लावू काय?" इथून सुरू झालेले बोलणे मुलीच्या स्थळापर्यंत जाते.

पॉवर बँकेविषयी थोडक्यात. वर छापलेला २०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. बाहेर ५ व्होल्ट द्यायचे म्हटले की तो तेवढा उरत नाही. खरे माप वॅट-अवर. २०,०००च्या बँकेचे ७४ भरतात. विमानात परवानगीशिवाय १०० पर्यंत चालतात, तेही जवळच्या थैलीत, खाली टाकायच्या सामानात नाही. १६ एप्रिल २०२५ला बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान उडाल्यापासून हा नियम अमरावतीकरांनाही पाठ असायला हवा. अकोल्याला मात्र इथून विमान नाही. तिकडच्या वाटेवर सामानाची तपासणी कंडक्टर करतो.

"खाली ठेवा ना ते, भाऊ."

"खाली नाई जमत, दादा. कॉम्पुटर हाये त्यात."

"मंग त्याची अर्धी तिकीट फाडू काय?"

पण कंडक्टरपर्यंत पोहोचण्याआधीच एक अवघड परीक्षा होऊन जाते, ती बसस्टँडवर. गाडी लागताच खिडकीतून रुमाल, टोपी, चप्पल, असेल ते टाकून जागा धरायची ही सर्वमान्य रीत. लॅपटॉपची थैली टाकता येत नाही. म्हणजे ज्याचे सामान सर्वांत महाग तो सर्वांत शेवटी चढतो आणि थैली पोटाशी धरून बोरगावपर्यंत उभा राहतो. या पेचातून सोडवणारी वस्तू कोणत्याही परदेशी यादीत सापडायची नाही. ती म्हणजे दुपट्टा. खिडकीतून टाकायला दुपट्टा. उन्हात डोक्या-कानाला बांधायला तोच, धुळीने भरलेला पडदा पुसायला तोच, थैलीत लॅपटॉपभोवती गुंडाळायला तोच, आणि लॅपटॉप तापून मांडी पोळू लागली की मध्ये घालायलाही तोच. कामांच्या संख्येत दुपट्टा गाडग्याच्या पुढे जातो, हे बाबांची क्षमा मागून लिहितो.

पोळण्याचा मुद्दा वरवरचा नाही. लॅपटॉप वापरायची हवा १० ते ३५ अंश सेल्सिअसची असावी असे अ‍ॅपल सांगते. अकोल्याचा मे महिना ४५च्या पुढे जातो. म्हणजे होळीनंतर पाऊस पडेपर्यंत दुपारचा अकोला हा कंपनीच्या लेखी वापरण्याजोग्या जगात धरलेलाच नाही, आणि तरीही तिथे माणसे जिल्हा परिषदेचे तक्ते भरत असतात. त्या दिवसांत यंत्राचा पंखा हवा थंड करत नाही, तीच गरम हवा एका बाजूने घेतो आणि दुसऱ्या बाजूने आपल्या हातावर सोडतो. लिथियमच्या बॅटरीला ही ऊब मानवत नाही. तिचे बळ कायमचे घटते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत थैली ठेवू नये, आणि काळ्या रंगाची थैली घेऊ नये. दुकानात मात्र काळीच मिळते.

चालत्या गाडीत काम होते का? अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज विक्रम झाला, तेव्हापासून प्रश्न विचारण्यात तरी अर्थ आहे. त्याआधी या वाटेवर टंकलेखन खड्डेच करत. कीबोर्डवर नुसती बोटे ठेवली तरी परिच्छेद तयार होई.

मराठी लिहिणाऱ्याच्या थैलीत एक वस्तू अशी असते जिला वजन नाही, पण जिच्याविना बाकीचे सगळे फुकट: फॉन्ट. लेख कृतिदेवमध्ये किंवा श्रीलिपीत केला, पेनड्राइव्हवर घेतला, अकोल्याच्या छापखान्यात उघडला आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडतो. महानुभावांना लिपी गुप्त करण्यासाठी केवढी बुद्धी खर्चावी लागली. आपल्याकडे ते काम फॉन्ट घरी विसरल्याने आपोआप होते, आणि उलगडणाराही सापडत नाही. युनिकोड आल्याला आता बरीच वर्षे झाली. पण पत्रिका, बिले आणि अहवाल छापणारे जुन्या फॉन्टांना अजून सोडायला तयार नाहीत, म्हणून पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात ते ठेवावेच लागतात.

उरला पक्ष-प्रतिपक्ष. थैली भरणाऱ्यांत दोन संप्रदाय आहेत. सोयीसाठी मी त्यांना असूदेवादी आणि काहूनवादी म्हणतो. असूदेवाद्यांकडे युक्तिवाद नसतो. ते नुसते वस्तू उचलतात, "असू दे" म्हणतात आणि भरतात. हा संप्रदाय बहुधा मातृपरंपरेने चालतो, आणि लॅपटॉपच्या कप्प्यात लाडवांचा डबा कोंबण्यापर्यंत त्याची मजल जाते. काहूनवादी तर्काने चालतात. माउस काहून? पॅडवर बोट चालते. पॉवर बँक काहून? दोन तासांचा रस्ता. लॅपटॉप तरी काहून? ज्याच्याकडे चालला त्याच्या टेबलावर कॉम्पुटर हाये. पेनड्राइव्ह काहून? मेल कर ना. इथवर आल्यावर तर्क थांबवता येत नाही, आणि शेवटचा प्रश्न पडतोच: मंग तू तरी काहून चालला?

असूदेवाद्यांकडे याचे उत्तर नाही. माझ्याकडे आहे. फाइल मेलने जाते हे खरे. पण "साहेब आज नाहीत, उद्या या" हे ऐकायला अजून स्वतःलाच जावे लागते.

तेव्हा निर्णय असा. लॅपटॉप, त्याचा चार्जर, धागा बांधलेली एक वायर, फॉन्टसकट पेनड्राइव्ह, चार भोकांचा बोर्ड आणि दुपट्टा. पॉवर बँक उन्हाळ्यात घरी. लाडवांचा डबा नाकारू नये, पण तो हातातल्या पिशवीत घ्यावा. थैली निघायच्या दहा मिनिटे आधी भरावी, आदल्या रात्री तिच्याकडे पाहूसुद्धा नये. आणि अकोल्याहून निघताना, ज्यांच्या टेबलाशी बसला होतात त्यांच्या भिंतीतल्या भोकाकडे एकदा वळून पाहा. चार्जर तिथेच राहतो.